जलालभाई आत यायचं म्हणतात

रविवारी उद्घाटन होतं. पत्रिका छापून, वाटून झाल्या होत्या. पाहुण्यांना बांधायच्या फेट्यांचा रंगही ठरला होता. फक्त ज्याचं उद्घाटन करायचं तो सर्व्हर अजून खोक्यात होता. तो खोक्यातून काढून जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात संगणकातलं कळणारा माणूस मी एकटाच, असं सगळे समजत होते. त्यांचा हा समज मीच करून दिला होता.

मंडळ म्हणजे आमचं हिंगोलीचं रक्तदाता मंडळ. जिल्ह्यातल्या गावोगावच्या रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं, अशी सगळी यादी आम्ही संगणकात ठेवली होती. दवाखान्यातून निरोप आला की यादी उघडायची, जवळचा माणूस हुडकायचा आणि त्याला फोन करायचा. ही यादी एकाच वेळी दोन यंत्रांत असे. एक हिंगोलीत पीठगिरणीच्या वरच्या खोलीत आणि दुसरं कनेरगाव नाक्यावर, जलालुद्दीनभाईंच्या टेलिफोन बूथमध्ये. इथं एक नाव लिहिलं की तिथं आपोआप उमटायचं, तिथं खोडलं की इथून जायचं. अशा एकमेकांत गुंतवलेल्या यंत्रांच्या गटाला क्लस्टर म्हणतात. हे मी मंडळाच्या बैठकीत इतक्या वेळा सांगितलं होतं की अध्यक्ष ते आता स्वतःच्या भाषणात वापरायचे.

क्लस्टर उभा केला होता तो जलालुद्दीनभाईंनी. टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनिअर, मंडळाचे संस्थापक, आणि या भागात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे. ते गेल्या उन्हाळ्यात वारले. मी मातीला गेलो होतो, माझ्या हातानं मूठभर माती टाकून आलो होतो. त्यानंतर बूथचं शटर खाली आलं, आणि नाक्यावरचं यंत्रही बंद पडलं असणार असं आम्ही सगळे धरून चाललो. ते बंद असतं तर आमचंही चाललं नसतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण चालू असलेल्या गोष्टीची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

मंडळाच्या दफ्तरात जलालुद्दीनभाई मात्र अजून हयात होते. दुखवट्याचा ठराव झाला, दोन मिनिटं उभं राहून झालं, पण सभासदत्व रद्द करायला मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागते आणि ती आणायला नाक्यावर कोण जाणार, यावर बैठकीत चर्चा अडून राहिली. सचिवांचं म्हणणं, नातेवाइकांनी आणून द्यावी. नातेवाइकांना हे कुणी सांगायचं, हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

शुक्रवारी सकाळी मी कॉलेजातून रजा टाकून गिरणीच्या जिन्यानं वर गेलो. मागे व्यंकटराव. व्यंकटराव आमचे शेजारी, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. कुठल्याही घरी कुठलंही काम निघालं की खुर्ची ओढून बसायचं आणि सल्ला द्यायचा, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. बोअर पाडताना ते होते, माझ्या मेव्हण्याची सोयरीक जुळवताना ते होते, आणि आता सर्व्हरलाही ते होते.

यंत्र काळंकभिन्न आणि चांगलंच जड होतं. ते सुरू केल्यावर पंखे असे काही फिरायला लागले की खालची गिरणी बंद पडल्यासारखी वाटली. मी त्याला गटात सामील व्हायला सांगितलं. त्यानं किल्ली मागितली.

ही किल्ली म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. व्यंकटरावांना मी सविस्तर सांगितलं होतं आणि त्याचा परिणाम पुढे दिसलाच. गटातल्या सगळ्या यंत्रांकडे एक सारखाच गुप्त मजकूर असतो, अर्थ नसलेल्या अक्षरांची लांबलचक ओळ. यंत्रं एकमेकांशी बोलण्याआधी ती ओळ पडताळून बघतात. जुळली तर आपला, नाही जुळली तर परका. नव्या यंत्राला गटात घ्यायचं तर जुन्या यंत्रातली ती ओळ नक्कल करून त्यात टाकायची, एवढंच काम. पाच मिनिटांचं.

व्यंकटराव म्हणाले, "सर, नवं घर घेतल्यावर मानूस जुनंच कुलूप लावतो काय?"

मी म्हणालो, तसं नसतं. मग विचार केला, तसं का नसतं? जुनी किल्ली जलालुद्दीनभाईंच्या वेळची. नव्या यंत्राला, नव्या उद्घाटनाला, नवी किल्ली शोभून दिसली असती. शिवाय ती मी केलेली असती. मी नवी ओळ तयार केली, नव्या यंत्रात टाकली, आणि हिंगोलीच्या जुन्या यंत्रातली ओळ पुसून तिथंही तीच टाकली.

यादी बंद पडली. नाव दिसेना, रक्तगट दिसेना. आतून काहीच हलेना. गटातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे आमच्या दोनांतल्या दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखलं तरच गटाचा कारभार चालतो, आणि माझ्या जुन्या यंत्राला आता त्याचा जोडीदार ओळखू येत नव्हता. पण जोडीदार तर बंद आहे, असं मी व्यंकटरावांना म्हणालो, आणि यंत्राची नोंदवही पडद्यावर उघडली. कोण आलं, कोण गेलं, कुणाला परत पाठवलं, हे सगळं यंत्र तिच्यात आपोआप लिहीत असतं.

तिथं इंग्रजीत एक ओळ होती. नाक्याहून जलाल आत यायचं म्हणतात. ओळख पटत नाही. परत पाठवलं.

मी बघत असतानाच खाली दुसरी ओळ आली. तीच. मग तिसरी.

खाली गिरणीचा पट्टा फिरत होता, पायाखालची फरशी थरथरत होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं पडलं होतं की समोरच्या गच्चीवरचे वाळत टाकलेले कपडे बघवत नव्हते. अशा वेळी भीती वाटायचं काही कारण नाही. मी अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो. आमच्या विहारात, शाळांमधून, एकदा डोंगरकड्याच्या जत्रेतसुद्धा दिलेलं आहे. खिशातून रुमाल काढून मी हात पुसले, कारण ते ओले झाले होते.

व्यंकटरावांनी चष्मा वर करून ओळ वाचली. त्यांना इंग्रजी सावकाश येतं, त्यामुळे प्रत्येक शब्द त्यांनी मोठ्यानं म्हटला आणि शेवटी जलाल हे नाव म्हणून थांबले. थोड्या वेळानं त्यांनी आपली खुर्ची दाराकडे सरकवली.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ होतीच, त्यात नवल काही नव्हतं. गिरणी थांबली. पट्ट्याचा आवाज हळूहळू बसत गेला आणि खोलीत फक्त बॅटरीवर चाललेल्या यंत्रांची घरघर राहिली. आता बघा, आमच्याकडे आणि नाक्याकडे लाईट बरोबरच जायची. म्हणजे नाक्यावर, बंद शटरच्या आत, त्या क्षणाला अंधार असणार. आणि पडद्यावर ओळी येतच होत्या. जलाल आत यायचं म्हणतात. जलाल आत यायचं म्हणतात.

व्यंकटराव म्हणाले की येऊ द्या की मग, काहून अडवून राहिलात. हे त्यांनी थट्टेत म्हटलं असावं, पण आवाज थट्टेचा नव्हता.

मी नोंदवही मागे मागे सरकवली. कालच्या नोंदी, परवाच्या, दसऱ्याच्या आधीच्या, श्रावणातल्या. दुपार झाली की नाक्याहून जलाल आत आलेले. कुणाच्या नावापुढे नवा फोन नंबर घातलेला, कुणी रक्त दिलं त्याची तारीख टाकलेली, कुणाला कावीळ झाली म्हणून सहा महिने बोलावू नये असा शेरा. सगळं नीट, टापटीप, जलालुद्दीनभाई करायचे तसंच. मातीला जाऊन आलो त्याच्या पुढच्या आठवड्यापासून एकही दुपार सुटली नव्हती. मी ही यादी रोज वापरत होतो. हे काम कोण करून ठेवतं, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

खरं-खोटं करावं म्हणून मी एका शेऱ्यातला नंबर फिरवला. यादी उघडत नसली तरी नोंदवहीत हा नंबर शिल्लक होता. डोंगरकड्याच्या चंदाबाई, बी पॉझिटिव्ह, अंगणवाडीत काम करतात. मी विचारलं, तुमचा नवा नंबर आम्हाला कुणी कळवला.

"जलालभाईंचा फोन आला व्हता की," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. कशी तब्येत हाय म्हनून इचारलं. आवाज जरा बसल्यावानी वाटला त्यांचा. त्यांनाच तब्येतीला जपा म्हनाव."

मी सांगतो म्हणालो. याशिवाय दुसरं काय म्हणता आलं असतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

व्यंकटरावांचं मत पडलं की सर्व्हरला लिंबू-मिरची बांधावी, खर्च काही नाही आणि पाहुण्यांना सजावटीतलंच वाटेल. मी त्यांना माझ्या व्याख्यानांची आठवण करून दिली. ते म्हणाले, व्याख्यान आपल्या जागी, मशीन आपल्या जागी. मग त्यांनी दुसरा पर्याय काढला. मंडळाच्या कागदावर माणूस हयात असेल तर त्याला आत यायचा हक्क आहे आणि आपण किल्ली बदलून सभासदाला बेकायदा अडवलं आहे. रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. तो मुद्दा मला लिंबापेक्षा जास्त लागला.

आणि मग शीतलचा फोन आला.

शीतल म्हणजे माझी बायको. शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. कामावर असताना ती मला फोन करत नाही, केला तर दोन वाक्यांत संपवते. सेनगावकडची एक बाळंतीण आली आहे, दीक्षा नावाची, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह पाहिजे आणि कुठंच शिल्लक नाही. यादी बघा आणि लगेच माणूस पाठवा.

मी म्हणालो, यादी उघडत नाही.

मग तिनं विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

लग्नाला बारा वर्षं झाली, पण हा प्रश्न इतक्या हळू आवाजात तिनं कधी विचारला नव्हता. मी किल्लीचं सांगायला लागलो. ती म्हणाली ते नंतर सांगा, मुलगी वीस-एकवीस वर्षांची आहे, आणि फोन ठेवला.

जुनी किल्ली मी पुसली होती. तिची दुसरी प्रत जगात एकाच जागी असू शकत होती, नाक्यावरच्या त्या यंत्रात. मी स्कूटर काढली. व्यंकटराव न बोलता मागे बसले. येऊ नका म्हणायचं माझ्या मनात होतं, पण एकट्यानं जायचीही इच्छा नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही.

वाशीमच्या रस्त्यानं दुतर्फा सोयाबीन काढणं चाललेलं. मळणीयंत्राचा भुसा हवेत तरंगत होता, डोळ्यांत जात होता. रस्त्यावर वाहनं होती, शेतात माणसं होती, तरी मला सगळं फार लांब वाटत होतं, काचेच्या पलीकडे असल्यासारखं. व्यंकटराव मधूनच खांद्यावरून पुढे वाकून सूचना देत होते. आत गेल्यावर आधी सलाम करा. उंबऱ्यावर पाय देऊ नका. कुणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. हे सल्ले त्यांनी कुठल्या कागदपत्रांतून जमवले होते कोण जाणे.

नाक्यावर ढाबे चालू होते, ट्रक उभे होते. बूथच्या पाटीवरची अक्षरं उन्हानं उडाली होती. शटर खाली होतं, पण पूर्ण टेकलेलं नव्हतं. खाली वीतभर फट होती आणि फटीतून निळसर उजेड जमिनीवर पडला होता. सगळ्या नाक्यावर लाईट नव्हती.

आतून आवाज आला. घोगरा, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"जलालुद्दीन."

मग पुन्हा तोच आवाज, "हॅलो, जलालुद्दीन..." आणि पुढचं ऐकू आलं नाही, कारण व्यंकटराव मागे सरकताना रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर पडले.

शटर वर गेलं. आत जलालुद्दीनभाईंच्या खुर्चीत त्यांचा चष्मा लावलेलं कुणीतरी बसलं होतं. पाठीमागे अंधार, चेहऱ्यावर पडद्याचा उजेड. मला वाटतं मी नमस्कार आणि सलाम यांच्या मधलं काहीतरी केलं.

"खिल्लारे सर," ती व्यक्ती म्हणाली. "तुमीच केलं ना हे? सकाळपासून दार लावून बसलात."

त्या कमरुन्निसाभाभी होत्या. जलालुद्दीनभाईंच्या पत्नी, उर्दू शाळेतल्या निवृत्त हेडमास्तरीण. पस्तीस-एक वर्षं पोरांवर ओरडून बसलेला आवाज. मातीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात त्यांना मी लांबून पाहिलं होतं तेवढंच.

व्यंकटरावांना उठवून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग भाभींनी सांगितलं ते असं. लाईटचं काही विशेष नव्हतं. टेलिफोन खात्याच्या लिलावात जलालुद्दीनभाईंनी जुन्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या घेतल्या होत्या, प्रत्येक बॅटरी घागरीएवढी. त्यांच्यावर हे यंत्र दिवसभर चालतं. फोनचंही विशेष नव्हतं. शेवटच्या महिन्यांत खोकल्यामुळे जलालुद्दीनभाईंना बोलायला त्रास व्हायचा, तेव्हा त्या शेजारी बसून त्यांच्या वतीनं फोन करायच्या आणि ते सांगतील तसं यंत्रात लिहायच्या. ते गेल्यावर दुपारी करायचं काय, म्हणून त्या तेच करत राहिल्या, यंत्रातही त्यांच्याच जलाल या नावानं शिरून. फोन लागला की म्हणायच्या, जलालुद्दीनकडून बोलून राहिले. लाईनमध्ये खरखर, आवाज असा. पलीकडच्याला पहिला शब्द तेवढा ऐकू जायचा. आज यादी उघडत नव्हती, म्हणून पाठ असलेले दोन-चार नंबर फिरवणं चाललं होतं.

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?" मी विचारलं.

"आधी सांगायची. मंग लोक दुखवटा करायचे, अन रक्ताचं राहून जायचं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावानं मानूस आठ कोस येतो, सर. माझ्या नावानं कोन येईल?"

मी घाईनं दीक्षाचं सांगितलं, यादीचं सांगितलं, आणि किल्लीची नक्कल मागितली. भाभींनी हात मांडीवर ठेवले. त्यांना वाटत होतं की मंडळ त्यांचं यंत्र काढून न्यायला बसलं आहे. नवा सर्व्हर येणार, पत्रिका छापल्या, हे त्यांना ढाब्यावरून कळलं होतं. पत्रिकेत नाक्याचा उल्लेख नव्हता. आणि सकाळी अचानक दार बंद झालं, त्याचा अर्थ त्यांनी लावायचा तोच लावला.

"मी किल्ली देते. तकलीफ न्हाई," त्या म्हणाल्या. "पन हे मशीन इथून हलायचं न्हाई. अन जलाल नाव त्यातून खोडायचं न्हाई. हयात असेपर्यंत."

कुणाच्या हयातीपर्यंत, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी शब्द दिला. असा शब्द द्यायचा मला काही अधिकार नव्हता. त्यासाठी बैठक लागते, सूचक आणि अनुमोदक लागतात. व्यंकटराव स्टुलावरून म्हणाले, मी अनुमोदन देतो. ते मंडळाचे सभासदही नाहीत.

यंत्रानं परवलीचा शब्द विचारला. भाभींनी आम्हाला तोंडं फिरवायला लावली. आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो, शाळेत उभं करतात तसे. भिंतीवर टेलिफोन खात्याचं जुनं कॅलेंडर होतं. मागे एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येत होता, मोठ्या मोठ्या अंतरानं. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातलं घड्याळ होतं. पण हेडमास्तरीणबाईंना घाई करा असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

मग मी नाक्याच्या यंत्रातली किल्ली घेतली आणि तिथूनच, त्याच फोनच्या तारेवरून, हिंगोलीच्या जुन्या यंत्रात परत ठेवली. माझी नवी किल्ली पुसून टाकली. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ घेतला. पडद्यावर ओळ आली. नाक्याहून जलाल आत आले. भाभींनी ती ओळ बोटानं पुसल्यासारखी केली, म्हणजे काचेवर नुसतं बोट फिरवलं.

यादी उघडली. ओ निगेटिव्ह जिल्ह्यात मोजकेच. एकजण पुण्याला गेलेला, एक बाई स्वतःच बाळंतीण. राहिले सेनगावचे किशनराव, शेतीच्या अवजारांचं दुकान आहे त्यांचं. भाभींनी दुकानाचा नंबर फिरवला आणि फोनचा स्पीकर लावला. किशनरावांच्या पत्नी केशरबाईंनी उचलला.

भाभी बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "ते तर कवाचेच निघाले. फोन आला, अन तसेच जीपमदी बसून गेले. जेवले बी न्हाईत. पोचले असतील आता हिंगोलीला."

भाभींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांच्या मनात आलं असणार, दवाखान्यातून शीतलनं कळवलं असेल. माझ्या मनात आलं, भाभींनीच आधी नंबर पाठ असल्यानं फोन केला असेल आणि वाद घालताना सांगायचं राहिलं असेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. व्यंकटराव म्हणाले, चला, झालं काम, आणि क्रेटवर पडल्यानं कंबर दुखते ते पहिल्यांदा बोलून दाखवलं.

आम्ही परत हिंगोलीला पोचलो तेव्हा दीक्षाला रक्त चढत होतं. रक्तस्राव थांबला होता. बाळ, मुलगी, कापडात गुंडाळून तिच्या आजीच्या मांडीवर होतं. शीतलनं मला व्हरांड्यात बघितलं आणि माझ्या शर्टावरचा सोयाबीनचा भुसा झटकला. आमच्या घरात समेट असाच होतो.

शनिवारी मी नव्या सर्व्हरला जुनी किल्ली दिली. तो मुकाट्यानं गटात जाऊन बसला. पाच मिनिटं लागली.

रविवारी उद्घाटन थाटात झालं. अध्यक्षांनी क्लस्टर हा शब्द अनेकदा वापरला. नाक्याचं यंत्र कायम राहील आणि जलाल हे नाव त्यात राहील, असा ठराव मी भर सभेत मांडला आणि दाखल्याची प्रत न आल्यानं कुणालाच त्याला हरकत घेता आली नाही. भाभींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. किशनरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नंतर मांडवात चहा घेताना ते भाभींना शोधत आमच्याजवळ आले आणि वाकून म्हणाले की भाभी, फोन अगदी वेळेवर केला तुम्ही.

भाभी म्हणाल्या, "मी न्हाई केला. मशीन सकाळपासून बंद व्हतं. तुमचा नंबर त्याच्यातच."

मी शीतलकडे बघितलं. ती शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "माझ्याकडे कुठून असणार नंबर? तो मिळाला असता तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

मांडवात स्पीकरवर सनई चालू होती. किशनरावांनी खांद्यावरची शाल नीट केली. सरळ, कमी बोलणारा माणूस. त्यांनी भाभींकडे न बघता, कपाकडे बघत सांगितलं.

"तुमचा न्हवताच भाभी. तुमी पावसाळ्यात केलते ना फोन, तुमचा आवाज मला ठावा हाय. हा जलालभाईंचा व्हता. म्हनले, किशनराव, लेकराची येळ हाय, निघा. मी निघालो. पार जीपमदी बसल्यावर ध्यानात आलं, की मानूस तर गेलेला हाय. मंग म्हनलं, आता बसलोच हावो तर जाऊन येऊ."

ओळख पटवणं हा माझा विषय. मी तो कॉलेजात संगणकाच्या वर्गाला शिकवतो, त्यावर परीक्षा घेतो. आवाजाचा भास, लाईनमधली खरखर, भाभींच्या जुन्या फोनची आठवण, अशी सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती. त्यातलं एकही मी तोंडाबाहेर काढलं नाही. व्यंकटरावांनीसुद्धा सल्ला दिला नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच बघत होतो.

भाभींनी कप बशीत ठेवला. त्यांनी किशनरावांना विचारलं, "खोकत व्हते?"

किशनरावांनी नीट आठवून बघितलं. घाई केली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "खोकला न्हवता. चांगला मोकळा व्हता आवाज."

भाभींनी मान हलवली. डोक्यावरचा पदर सारखा केला, कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.